दंड घातलेले लुगडे

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निवर्तले. त्यानंतर महिना उलटण्याच्या आतच, २० फेब्रुवारीस, त्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकाचा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने आमच्या बडोद्यात केला. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व, सुधाकराच्या भूमिकेत गणपतराव बोडस. आम्हां बडोदेकर मराठी मंडळींना या गोष्टीचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. परंतु या नाटकाने रंगभूमीपुढे एक अवघड प्रश्नही टाकला होता. तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ज्यांच्या शालू-पैठण्यांची चर्चा घरोघरच्या माजघरात होत असे, त्या नटाने अंकागणिक दरिद्री होत जाणाऱ्या स्त्रीची भूमिका करावयाची. तर त्या स्त्रीने नेसावे काय?

नाट्यवेशाचे सारे शास्त्र या एका प्रश्नात साठवलेले आहे, असे मला वाटते. गेल्या वर्षी नात्यातील एका मुलीने वेशभूषेच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला आणि “आजोबा, आरंभ कोठून करू?” असे विचारले. तिला जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने मांडतो.

आरंभ अर्थातच भरतमुनींपासून. नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार मानले: आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. यांपैकी आहार्य म्हणजे नेपथ्य, आणि त्यात वेश, अलंकार व रंगभूषा ही सर्व आली. वेश हा अभिनयाचाच एक प्रकार आहे, अभिनयावर चढविलेली शोभा नव्हे, ही पहिली शिकवण. भरताने वेशाचे तीन वर्ग केले: शुद्ध, विचित्र आणि मलिन. देवकार्यात, मंगलप्रसंगी शुद्ध. राजे व विलासी जनांस विचित्र, म्हणजे रंगीबेरंगी. आणि उन्मत्त, मद्यधुंद, वाटसरू व संकटाने ग्रासलेले यांस मलिन. जड दागिन्यांनी नट थकतो, म्हणून रंगभूमीवरील अलंकार हलके असावेत, हेही भरताने बजावून ठेवले आहे. अभिनवगुप्ताच्या टीकेसह या ग्रंथाचा पहिला खंड बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये १९२६ साली निघाला, म्हणजे ‘एकच प्याला’च्या पहिल्या प्रयोगानंतर सात वर्षांनी. मद्यपी सुधाकर आणि संकटग्रस्त सिंधू प्रथम उभी राहिली ती याच नगरीत, आणि ‘मलिन’ वेशाची व्याख्या छापून निघाली तीही याच नगरीतून.

आता मराठी रंगभूमीकडे वळू. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती. त्या पौराणिक खेळांत देव, राक्षस आणि स्त्री अशा पात्रांच्या ठराविक जाती असत आणि वेशाचे काम ती जात ओळखू यावी एवढेच असे. राक्षस आला की प्रेक्षकाने दचकावे; तो अमुकच राक्षस आहे, हे सूत्रधाराने सांगावे. मशालींच्या हलत्या उजेडात, मागे बसलेल्या माणसालाही पात्र कळावे, यासाठी ते भडक रंग योग्यच होते. त्यास अडाणीपणा म्हणणे हा आपला अडाणीपणा होय.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ आले आणि वेशाला सौष्ठव आले. बडोद्याहून किर्लोस्कर मंडळीत गेलेले भाऊराव कोल्हटकर शकुंतला व सुभद्रा म्हणून गाजले. त्याच दशकात, १८८८ मध्ये, सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडे चौदा पौराणिक चित्रांचे काम सोपविले. पुराणातील स्त्रिया नेसत तरी काय, याचा शोध घेण्यासाठी तो आपल्या भावासह उत्तर हिंदुस्थानात हिंडला आणि अखेर त्याने त्यांना साडी नेसविली. पुढे त्याच्या छापील चित्रांनी ती दमयंती, ती शकुंतला घरोघर पोहोचविली. भिंतीवरचे चित्र आणि रंगमंचावरचे पात्र एकमेकांसारखे दिसू लागले. मग १८९९ साली देवलांचे ‘शारदा’ आले. त्यात देव नव्हते, राजे नव्हते. आपल्यासारखीच माणसे होती. येथे वेशाची खरी परीक्षा सुरू झाली. दमयंतीचे वस्त्र चुकले तर सांगणारे कोणी नाही, परंतु भिक्षुकाच्या घरच्या मुलीचे लुगडे चुकले तर पहिल्या रांगेतील प्रत्येक बाईला कळते.

बालगंधर्वांनी या कलेला वैभवाच्या शिखरावर नेले. अस्सल रेशीम, अस्सल जर, यांत त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. त्या हौसेपायी कर्जही अंगावर घेतले. त्यांची नेसण, त्यांचा पदर, त्यांचा अंबाडा यांचे अनुकरण कुलीन स्त्रियांनी केले, ही वेशकलेला मिळालेली केवढी मोठी दाद! पण त्यामुळे एक समजही आपल्या मनात घट्ट बसला, की नाट्यवेश म्हणजे भरजरी. या समजापायी मी स्वतः एकदा चांगलाच फसलो आहे.

ही गोष्ट १९७९ सालची. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. आम्ही काही हौशी मुलांनी गणेशोत्सवात ‘एकच प्याला’तील निवडक प्रवेश बसविले आणि कपडेपटाचे काम मजकडे आले. मी मोठ्या उत्साहाने चार घरांतून पैठण्या मागून आणल्या. रंगीत तालमीला आमची सिंधू जांभळी पैठणी नेसून जात्याशी बसली. पदर खुंट्यात अडकला. दिव्याच्या झोतात काठ असा झळाळला की मुलीचा चेहराच दिसेना. आणि जन्मात नऊवार न नेसलेली ती मुलगी उठताना निऱ्यांत पाय अडकून पडता पडता वाचली.

माझी आजी तालीम पाहावयास आली होती. सत्तरी उलटलेली, आयुष्यभर नऊवारी नेसलेली बाई. घरी परतताना ती म्हणाली, “अरे, ती वकिलाची बायको, पण नवऱ्याची सनद गेल्यानंतरची ना? दुसऱ्यांची दळणं दळते आणि पैठणी नेसते? पैठणी होती तर ती आधी विकली नसती का तिनं?”

मी म्हणालो, “मग एखादं फाटकं, मळकं नेसवू का?”

“फाटकं नेसव, मळकं नको. चांगल्या घरची लेक आहे ती. लुगडं विरेल, फाटेल. पण ती धुतल्याशिवाय नेसायची नाही. तिच्या लुगड्याला दंड घालून दे.”

दंड घालणे म्हणजे काय, हे आज अनेकांना सांगावे लागेल. लुगडे बसण्याउठण्याने मधल्या भागात आधी विरते. तो विरलेला भाग कापून काढावयाचा आणि उरलेले दोन तुकडे एकमेकांस जोडून घ्यावयाचे; ती जोडाची शिवण म्हणजे दंड. आजीने गोधडीसाठी बाजूला ठेवलेली दोन सुती लुगडी काढली, माझ्यादेखत एकाला दंड घातला आणि शिवण नेसताना कोठे यावी, तेही दाखविले. पदर कमरेला खोचून दळावयास कसे बसावे, हे तिने त्या मुलीस आठवडाभर शिकविले. प्रयोगाच्या दिवशी सिंधू जात्याशी बसली, तेव्हा पुढे बसलेल्या वृद्ध स्त्रियांनी ती शिवण ओळखली. त्यांच्यात जी कुजबुज झाली आणि मागोमाग जी शांतता पसरली, ती मला अजून स्मरते. त्या दिवसापासून मी आजीला या विषयातील माझी गुरू मानतो.

पुढे सरकारी नोकरीत आयुष्य फायलींत गेले, तरी नाटकांच्या कपडेपटाशी संबंध सुटला नाही. त्या अनुभवातून जी मूलतत्त्वे हाती लागली, ती अशी. पहिले, संहिता वाचताना तक्ता करावा. उभ्या रकान्यात पात्रे, आडव्या रकान्यात प्रवेश. प्रत्येक चौकोनात पात्राचे वय, स्थळ, ऋतू, दिवसाची वेळ आणि मागील प्रवेशानंतर त्याच्यावर काय गुदरले, हे लिहावे. कचेरीतला माणूस म्हणून हा तक्ता मला प्रिय असेल. पण दोन प्रवेशांच्या मध्ये वेश बदलण्यास किती मिनिटे मिळतात, हे त्यावाचून कळत नाही. दुसरे, एका पात्राचा वेश एकट्याने ठरवू नये. सिंधूचे लुगडे जुने होत जाते, तेव्हा तिच्या माहेरच्या माणसांचे कपडे तसेच कडक इस्त्रीचे राहिले पाहिजेत. तिने नाकारलेल्या मदतीची किंमत तेव्हाच दिसते. सिंधू जीर्ण पण स्वच्छ, आणि सुधाकर मात्र भरताने सांगितला तसा मलिन; एकाच घरातील दोन माणसांत एवढे अंतर पडले, हे शब्दावाचून कळते.

तिसरे, कापड हातात घेऊन निवडावे. ते किती जड आहे, कसे पडते, चालताना वाजते का, हे पाहावे. चौथे, रंग दुकानात ठरवू नये. प्रयोगाच्याच दिव्यांखाली आणि शेवटच्या रांगेतून पाहून ठरवावा. पाचवे, नटाला तालमीपासूनच त्या घडणीचे वस्त्र द्यावे. नऊवारीत पाऊल वेगळे पडते, पगडीने मान वेगळी राहते. वेश अंगवळणी पडला नाही तर तो उसना दिसतो. आणि सहावे, कोरे वस्त्र रंगमंचावर खोटे बोलते. ते पुन्हा पुन्हा धुवावे, चहाच्या पाण्यात बुडवावे, कोपर, गुडघे व काठ जेथे झिजतात तेथे घासावे. झीज ही पात्राच्या सवयींप्रमाणे पडते, हे ध्यानात ठेवावे.

या साध्या वस्त्रांत कला कोठे, असे कोणास वाटेल. त्यांना भानू अथैया यांची आठवण द्यावीशी वाटते. कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या, जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या बाईंनी हिंदी चित्रपटांतील नायिकांना नटविले. परंतु १९८३ साली त्यांना जॉन मोलो यांच्यासमवेत ऑस्कर मिळाले ते ‘गांधी’ या चित्रपटासाठी. झळाळीच्या कपड्यांची कीर्ती असलेल्या या कलावतीला जगाने मुकुट चढविला तो पंचा, खादी आणि गर्दीतल्या सामान्य माणसांच्या कपड्यांसाठी. २०२० साली त्या निवर्तल्या. बॅरिस्टरच्या सुटापासून गुडघ्यापर्यंतच्या पंचापर्यंतचा प्रवास त्यांनी वस्त्रांतून दाखविला. सिंधूच्या लुगड्याचा प्रश्नही त्याच जातीचा आहे.

हे सर्व ऐकल्यावर ती मुलगी म्हणाली, “आजोबा, मला एक दंड घातलेले लुगडे दाखवा. चित्र नको, शिवण हाताने पाहावयाची आहे.” आम्ही माळ्यावरची जुनी ट्रंक काढली. त्यात तीन पैठण्या निघाल्या, एक शालू, आजोबांचे जरीचे उपरणे आणि एक पगडी. रोजच्या वापराचे एकही लुगडे निघाले नाही. आजीची ती दोन सुती लुगडी केव्हाच गोधडीत गेली आणि गोधडीही विरून गेली. आम्ही सणावाराचे जपले. रोजचे पुसण्याला लावले.

आपण पाच-सहा पिढ्यांपूर्वी येथे आलेली घराणी. आपल्या ट्रंकांची स्थिती याहून निराळी असेल असे वाटत नाही. उद्या कोणी आपल्या पणज्यांवर नाटक लिहिले, तर त्या सर्व बायका सकाळी केर काढतानाही पैठणीतच दिसतील आणि ते खोटे आहे हे सांगणारे कोणी उरलेले नसेल. म्हणून वाचकांस विनंती एवढीच, की ज्यांच्या घरी नऊवारी नेसणाऱ्या वृद्ध स्त्रिया अद्याप आहेत, त्यांनी त्यांच्याजवळ बसावे. सोवळ्यात काय नेसत, दळताना पदर कोठे खोचत, लुगडे विरले की काय करीत, हे विचारून वहीत उतरून घ्यावे. आणि एखादे जुने सुती लुगडे सापडलेच, तर ते पैठणीच्या शेजारी घडी घालून ठेवावे. आमच्या मुलीने आता पंचाऐंशीच्या घरातील एका शेजारीणबाईंकडून दंड घालावयास शिकण्यास आरंभ केला आहे. पहिली शिवण वाकडी आली. बाईंनी ती उसवली आणि तिला पुन्हा घालावयास लावली.