जिताडा : खेळातला आणि खाडीतला
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अर्नेस्ट हेमिंग्वेची म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी 'एका कोळियाने' या नावाने वाचली असेल. मूळ पुस्तक १९५२ सालचे. पु. ल. देशपांडे यांचा मराठी अनुवाद आला १९६५ मध्ये. गोष्टीतला म्हातारा पोटासाठी मासे मारणारा, पण ती लिहिणारा हेमिंग्वे मात्र हौशी शिकारी. १९३४ मध्ये त्याने 'पिलार' नावाची अडतीस फुटी बोट घेतली आणि क्युबाच्या समुद्रात मर्लिन माशांचा पाठलाग केला. बोट सांभाळायला मात्र समुद्रावरच वाढलेली माणसे लागत. १९६१ मध्ये हेमिंग्वे गेल्यावर कोहिमार गावच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांचे धातूचे सुटे भाग वितळवायला दिले आणि त्यातून त्याचा अर्धपुतळा उभा राहिला.

हौस आणि पोट यांचे हे नाते तसे जुनेच आहे. खोल समुद्रातल्या हौशी मासेमारीला शिस्त लागली ती १८९८ च्या सुमारास. त्या वर्षी चार्ल्स होल्डर यांनी कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावर 'टूना क्लब' स्थापन केला. मासा गळाला लागल्यावर दुसऱ्याने हात लावायचा नाही, दोरी बारीकच हवी, असे तिथले नियम. माशालाही सुटण्याची संधी मिळावी, ही त्यामागची कल्पना. पुढे १९३९ मध्ये जागतिक विक्रमांची नोंद ठेवणारी आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. १९५३ मध्ये पेरूच्या काबो ब्लांको इथे आल्फ्रेड ग्लासेल यांनी १५६० पौंडांचा, म्हणजे सातशे किलोंहून अधिक वजनाचा काळा मर्लिन रॉडवर पकडला. आज जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर अशा शिकारीसाठी खास निवासस्थाने आहेत. आठवडाभर राहायचे, पहाटे स्थानिक वाटाड्याबरोबर बोटीने निघायचे, मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि अनेकदा त्याला परत पाण्यात सोडायचे.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्या कोलशेतशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो जोडतो जिताडा.

कल्याणकडून येणारी उल्हास नदी ठाण्याच्या उत्तरेकडून वसईच्या समुद्राला मिळते. त्याच खाडीच्या काठावर कोलशेत, आणि पलीकडे भिवंडी तालुक्यातले काल्हेर. आज कोलशेत रस्ता म्हटले की उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. पण गावाची जुनी ओळख खाडीची. बोय, शिंगाळा, कोळंबी, चिंबोरी, निवटी ही या खारटगोड पाण्याची लेकरे. आणि त्यांत मानाचा मासा जिताडा. पाहुणा आला, जावई आला, की जिताड्याची आठवण व्हायचीच.

हाच जिताडा ऑस्ट्रेलियात 'बारामुंडी' म्हणून ओळखला जातो. तिथल्या उत्तर भागात त्याच्या शिकारीसाठी लोक दुरून येतात आणि आठवडा आठवडा मुक्काम ठोकतात. म्हणजे आपल्या कालवणातला मासा तिथे पर्यटनाचा आधार झाला आहे.

याचे कारण समजायला जिताड्याचा जन्मक्रम पाहावा लागतो. तो अंडी घालतो खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. पिल्ले भरतीबरोबर आत येतात आणि खाडीत, कांदळवनात, नदीत वाढतात. गंमत म्हणजे हा मासा तरुणपणी बहुधा नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. सगळे मोठे जिताडे मारले, तर खाडीतल्या आयाच संपल्या! म्हणूनच क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंटिमीटरहून लहान आणि १२० सेंटिमीटरहून मोठा मासा ठेवून घेता येत नाही. विणीच्या हंगामात तर बंदीच असते.

असा विचार आपल्याकडे नव्हता असे नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी लोटायची नाही, हा कोळ्यांचा रिवाज कायद्याहून जुना. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची बंदी आज पश्चिम किनाऱ्यावर पाळली जाते, आणि २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारही ठरवून दिला. त्याआधी, १८७० च्या सुमारास, मंगळूरचे कलेक्टर हेन्री थॉमस यांनी बारीक जाळ्यांनी पिलांचा नाश होतो, अशी तक्रार सरकारदरबारी केली होती. हे थॉमस स्वतः हौशी गळवाले. त्यांचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ चे. १८९७ च्या मत्स्य कायद्याने सुरुंग लावून आणि विष टाकून मासे मारण्यास मनाई केली.

मात्र हे सारे नियम मासे पकडणाऱ्याच्या हातासाठी आहेत. कोलशेतच्या खाडीत खरा प्रश्न पाण्याचा आहे. वालधुनीसारख्या नाल्यासमान झालेल्या नदीतून शहरांचे सांडपाणी उल्हासमध्ये येते. त्यात कारखान्यांचे पाणी मिसळते. वर्षानुवर्षे रेती उपसल्याने खाडीचा तळ बदलतो आणि भरावाखाली कांदळवने जातात. कोळ्याने बारीक जाळे टाकले नाही, विणीच्या दिवसांत होडी काठाला ठेवली, तरी वरून येणाऱ्या सांडपाण्याला कुठलीच नारळी पौर्णिमा अडवत नाही. पागेत माशांऐवजी प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, तर दोष पाग टाकणाऱ्याचा कसा?

रायगड जिल्ह्यात शेतकरी तळ्यांत जिताडा वाढवतात. १९९७ मध्ये चेन्नईच्या केंद्रीय संस्थेने भारतात या माशाची पिल्ले कृत्रिम प्रजननाने तयार केली. म्हणजे जिताडा ताटात येत राहील. पण उधाणाचे पाणी कुठवर चढेल, भांगाच्या दिवसांत मासा कुठे लपेल, कुठल्या वळणावर गळ टाकावा, हे ज्ञान तळ्यावर शिकता येत नाही. परदेशातल्या त्या निवासस्थानांत पाहुणा पैसे मोजतो तो अशाच जाणकार माणसासाठी. आपल्याकडे हे जाणणारी माणसे खाडीकाठच्या गावांत आहेत, तोवर खाडी स्वच्छ करायला हवी. त्यांची नातवंडे कोलशेतच्या धक्क्यावर उभी राहून 'इथे काय मिळायचं?' असे विचारतील, तेव्हा उत्तर भूतकाळात द्यावे लागू नये, एवढीच इच्छा.