कावसजीचें नाक व कातडीचें जीवित



सेलूसारख्या गांवांतून एखादी भगिनी स्तनाच्या कर्करोगावरील उपचारासाठीं मोठ्या शहरीं जाते. शस्त्रवैद्य रोगग्रस्त स्तन काढतो आणि तिची इच्छा असल्यास त्या जागीं सिलिकोनची पिशवी बसवितो. अशी पिशवी प्रथम १९६२ सालीं अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं वापरली गेली. परंतु तिच्यावरील कातडी जगेल कीं मरेल, हा प्रश्न फार जुना आहे. आणि त्याचें एक उत्तर आपल्या पुण्याजवळच मिळालें होतें.

कावसजी नांवाचा मराठा शेतकरी इंग्रज फौजेंत बैल हांकीत असे. १७९२ च्या युद्धांत तो टिपू सुलतानाच्या कैदेंत सांपडला व त्याचें नाक आणि एक हात कापण्यांत आला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला. पुढें पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका मनुष्यानें त्याला नवें नाक दिलें. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून कपाळावर ठेवावयाचा, भोंवतीं रेघ मारून तेवढी कातडी सोडवावयाची व खालीं वळवून बसवावयाची. मात्र दोन डोळ्यांमधील एक चिंचोळी पट्टी अखंड राखावयाची, अशी ती रीत होती. नव्या नाकाला रक्त मिळे तें या पट्टींतूनच. म्हणून ती सुमारें २५ व्या दिवशीं तोडीत. त्यापूर्वीं घाई केली तर नाक काळें पडून गळावयाचें.

मुंबई इलाख्यांतील डॉक्टर थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले यांनीं ही क्रिया पाहिली होती. ऑक्टोबर १७९४ मध्यें लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'नें तिचें वर्णन छापलें, आणि १८१४ सालीं जोसेफ कार्प्यू यानें लंडनमध्यें तिचा अवलंब केला. त्या वर्णनांत शस्त्रक्रिया करणाऱ्याची जात आहे, नांव नाहीं.

तत्त्व आजही तेंच आहे. स्तनाची ग्रंथी काढतांना कातडीला खालून येणाऱ्या रक्तवाहिन्या तुटतात व उरलेल्या सूक्ष्म जाळ्यावर ती जगते. कातडी फार पातळ राहिली, मोठ्या पिशवीचा ताण पडला, किरणोपचार झालेले असले किंवा धूम्रपानाची संवय असली, तर रक्त अपुरें पडतें. कातडी प्रथम जांभळट, मग काळी होते. पिशवी उघडी पडून जंतुसंसर्ग झाला तर बहुधा ती काढावीच लागते. म्हणूनच कित्येकदां शस्त्रवैद्य आधीं अर्धवट भरलेली पिशवी ठेवून ती सावकाश फुगवितो.

घरीं परतलेल्या भगिनीनें कातडीचा रंग पालटलेला दिसतांच, संकोच न धरितां, त्याच दिवशीं डॉक्टरास दाखवावें. कातडी नीट बसली म्हणजे ती जगली असें नव्हे. तिला रक्त पोंचलें पाहिजे. पुण्याजवळच्या त्या अनामिक मनुष्यास हें ठाऊक होतें.