कंबरदुखी की मणक्याचा अस्थिभंग?
रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण घटते आणि हाडांची झीज भरून निघण्यापेक्षा वेगाने होऊ लागते. यातूनच अस्थिसच्छिद्रता, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस उद्भवतो. अशा वेळी वाकून पाण्याची बादली उचलली, एवढ्या निमित्तानेही मणका दबून मोडू शकतो. दुर्दैवाने हे दुखणे ‘वयाचे’ म्हणून अंगावर काढले जाते. मणक्याचे बहुतांश अस्थिभंग त्यामुळे निदानाविनाच राहतात. पाठीला बाक येणे, उंची घटणे या त्याच्या खुणा. पुढे पडण्याच्या धास्तीने घराबाहेर जाणे थांबते, झोप उडते, मन खचते. तपासणीत याची विचारपूस क्वचितच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषानुसार डेक्सा चाचणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून कमी आल्यास हा विकार मानला जातो. पुढे वाकण्याचे व्यायाम मात्र अशा रुग्णांनी टाळावेत.