नाडीची चाल आणि सायकलीचा चढ

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा करीत जव्हारकडे निघालें कीं रस्ता चढउतारांचा लागतो. साखरशेताच्या बाजूस एखादा सायकलस्वार चढणीवर मनगटाकडे पाहतो आणि मुद्दाम वेग कमी करतो, तेव्हां पाहणारास नवल वाटतें. त्याच्या छातीवर पट्टा असतो, आणि तो पट्टा हृदयाचे ठोके मनगटावर कळवीत असतो.

आपल्या जुन्या वैद्यांनीं नाडी मोजण्यापेक्षां ओळखण्यावर भर दिला. शार्ङ्गधरसंहितेंत वाताची नाडी जळू व सर्पासारखी, पित्ताची कावळा व बेडकासारखी, कफाची हंस व पारव्यासारखी चालते, असें सांगितलें आहे. बोटांखालीं चाल होती, आंकडा नव्हता. आंकड्यास महत्त्व आलें तें घड्याळामुळें. १७०७ सालीं जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्यानें नाडीसाठीं बरोबर एक मिनिट चालणाऱ्या घड्याळाचा पुरस्कार केला. पुढें हॉलंडांत आइंटहोवेन यांनीं हृदयांतील विद्युत् रेखांकित केली व १९२४ चें नोबेल पारितोषिक मिळविलें. पण त्यांच्या यंत्रापुढें रोग्यास हातपाय मिठाच्या पाण्यांत बुडवून बसावें लागे!

खेळाडूची अडचण निराळीच. थांबून नाडी धरावी, तों ठोके झरझर उतरूं लागत. हातीं येई तो आंकडा विश्रांतीचा, श्रमाचा नव्हे. फिनलंडमधील औलू येथील प्राध्यापक सेप्पो सायनायाकांगास यांनीं बर्फावर घसरत जाणाऱ्या खेळाडूंसाठीं ही अडचण सोडविली. १९७७ सालीं त्यांनीं ‘पोलार’ ही कंपनी काढली आणि १९८२ सालीं छातीचा पट्टा व मनगटावरील घड्याळ अशी बिनतारी जोडी बाजारांत आली.

सायकलपटूस तिचा खरा उपयोग वेग आवरण्यांत आहे. शर्यतीपूर्वींचे कांहीं महिने पायाभरणीचे. त्या काळांत सहज बोलतां येईल इतक्याच श्रमानें तासन् तास सायकल चालवावयाची. हृदय एका ठोक्यांत अधिक रक्त लोटूं लागतें, स्नायूंत केशवाहिन्या वाढतात, चरबीचें इंधन वापरण्याची संवय लागते. मग तितक्याच ठोक्यांत अंतर अधिक तुटतें.

या चिकाटीचें फळ लांबच्या शर्यतींत दिसतें. अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत २०१५ सालीं जोडीनें पुरी करणारे पहिले भारतीय म्हणजे नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे बंधु. २०१७ सालीं ती एकट्यानें पुरी केली लष्करांतील डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं. चौघेही डॉक्टर, हा योगायोग मला तरी सूचक वाटतो.

मात्र आंकड्यावर आंधळा विश्वास नको. २२० मधून वय वजा केलें कीं ठोक्यांची कमाल मर्यादा कळते, हें १९७१ पासून रूढ झालेलें गणित सोयीचें खरें. पण दहाबारा ठोक्यांचा फरक त्यांत सहज पडतो. शिवाय वैशाखांत मोखाड्याच्या चढणीवर श्रम तेवढेच ठेवले तरी घाम जाऊन ठोके चढत राहतात. अशा वेळीं मी सोबत्याशीं बोलून पाहतों. वाक्य तुटूं लागलें कीं आंकडा कांहींही असो, मी गति उतरवितों. आणि दुधाच्या किटल्या अडकविलेली एखादी साधी सायकल खुशाल पुढें निघून जाते.