साच्याची वंशावळ

तेरच्या संग्रहालयातल्या पांढऱ्या मातीच्या छोट्या स्त्रीमूर्ती समोरून पाहून झाल्या की बाजूने पाहाव्यात. समोरून नजर अडकते ती केशरचनेत आणि दागिन्यांत. एवढ्याशा आकारात इतके बारीक काम कुणी कसे केले असेल, हा प्रश्न पडतोच. त्याचे उत्तर बाजूला आहे. कानामागून खांद्यावर उतरणाऱ्या ओळीत मूर्तीची दोन अर्धुके जुळवलेली असतात. पुढचा भाग एका साच्यात दाबला, मागचा दुसऱ्यात. ओल्या कडांवर पातळ मातीचे बोट फिरवून दोन्ही एकमेकांवर दाबले आणि वरची रेघ पुसून काढली. आत पोकळी राहिली. बारीक काम एकदाच झाले, मूळ नमुन्यावर. पुढच्या प्रत्येक मूर्तीला ते आयते मिळाले.

तेर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले, तेरणेच्या काठचे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणून त्याची नोंद आहे; इथले कापड भडोचच्या बंदरात जाई. गावकऱ्यांना शेतात, पांढरीत सापडणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जिवापाड जपल्या, म्हणून आज आपल्याला त्या पाहायला मिळतात. या मूर्ती सातवाहनकाळातल्या, केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीच्या. दुहेरी साच्याची रीत रोमशी चाललेल्या व्यापारातून दख्खनमध्ये आली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. मला ते पटते. पण रीत बाहेरून आली तरी मूळ नमुना घडवणारा हात इथलाच होता, हे त्या मूर्तींच्या अंगावरचे अलंकार स्पष्ट सांगतात.

त्याच्या हजारभर वर्षे आधी आपल्याकडे साचा नव्हता. पुणे जिल्ह्यात इनामगावला ताम्रपाषाणयुगातल्या एका घरात मातीची लंबगोल डबी सापडली. आत एक स्त्रीमूर्ती, डबीवर आणखी एक, बिनडोक्याची, आणि शेजारी बैल. बैलाच्या पाठीला भोक, मूर्तीच्या पोटाला भोक. काडी घातली की ती बैलावर उभी राहते. सगळे कच्च्या मातीचे आणि सगळे हाताने, चिमटीने, बोटांनी केलेले. अशी वस्तू दुसऱ्यांदा करायची तर पुन्हा पहिल्यापासून करावी लागते आणि ती थोडी वेगळीच होते.

साच्याची सर्वांत जुनी आणि मोठी शाखा मेसोपोटेमियात दिसते. इसवी सनापूर्वी २००० च्या सुमारास बाबिलोन आणि आसपासच्या शहरांत तळहाताएवढ्या मातीच्या पाट्या मोठ्या संख्येने निघू लागल्या: देवता, वादक, कुस्ती खेळणारे पुरुष, प्राणी. मूळ नमुना कोरायचा, त्यावर ओली माती दाबून खोलगट ठसा घ्यायचा, तो भट्टीत भाजायचा. झाला साचा. उघडा, एकाच बाजूचा. राजाच्या देवळातली दगडी मूर्ती ज्याला कधीच परवडली नसती, त्याच्या घरच्या भिंतीपाशी देव येऊन बसला. आपल्याकडे शुंगकाळात, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकात, मथुरा, कौशांबी आणि बंगालातले चंद्रकेतुगड इथे अशाच एकेरी साच्यातल्या फलकांचा बहर आलेला दिसतो. त्यांची पाठ सपाट असते. कधी कधी तिच्यावर माती दाबणाऱ्याच्या बोटांच्या खुणा उमटलेल्या असतात.

भाजलेल्या मातीचा साचा काम कसा करतो, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. पुढचा सगळा इतिहास त्यावरच उभा आहे. भाजलेली माती सच्छिद्र असते. ओली माती तिच्यात दाबली की साचा तिच्यातले पाणी ओढून घेतो. पाणी गेले की माती आक्रसते, आक्रसली की साच्याच्या भिंतीपासून केसभर सुटते, आणि साचा उलटा धरून हलके थोपटले की नग हातात येतो. कारागीर म्हणतात, माल सुटला. आकार धरून ठेवणे कुठल्याही खड्ड्याला जमते. साच्याची परीक्षा असते ती माल सुटताना.

पण हे आक्रसणे तिथेच थांबत नाही. नग वाळताना आणखी लहान होतो, भाजताना आणखी. मातीच्या जातीप्रमाणे हे प्रमाण बदलते. हिशेबासाठी दहा टक्के धरू. आता समजा, मूळ नमुना हाताशी नाही आणि बाजारात मिळालेल्या वीस सेंटिमीटरच्या तयार मूर्तीवरूनच कुणी नवा साचा घेतला. साचा मातीचा, म्हणून तोही वाळून-भाजून आक्रसणार: आतली पोकळी अठरा सेंटिमीटर. त्यात दाबलेली मूर्ती पुन्हा आक्रसून सोळा सेंटिमीटरच्या जराशी वर. तिच्यावरून आणखी एक साचा घेतला तर नात निघते तेरा सेंटिमीटरची. शिवाय दर पिढीला नाकाची कड बोथट होते, दागिन्यांतले मणी एकमेकांत मिसळतात.

पुरातत्त्वज्ञांनी याचाच उपयोग करून घेतला. आर. व्ही. निकल्स यांनी १९५२ मध्ये ग्रीक मृण्मूर्तींसाठी ही मांडणी पक्की केली: एकाच मूळ नमुन्याच्या वंशातल्या मूर्ती एकत्र करायच्या, मोजायच्या आणि कोण कुणाची आई, कोण कुणाची पणती हे आकारावरून ठरवायचे. दोन शहरांत एकच मूर्ती सापडली आणि एक दुसरीपेक्षा ठरावीक प्रमाणात लहान असली, तर साचा किंवा मूर्ती कुठून कुठे प्रवास करून गेली हे कळते. मातीच्या तुकड्यांची अशी वंशावळ लावता येते, याचे मला आजही विलक्षण अप्रूप वाटते.

रोमन दिव्यांची गोष्ट याच जातीची. इटलीत मोडेनाच्या परिसरात बुडावर ‘फोर्टिस’ असे उठावाचे नाव असलेले साधे, दणकट दिवे निघत. पुढे ते नाव साम्राज्यभर, दूरदूरच्या प्रांतांत सापडू लागले. त्यांतले बरेचसे मोडेनाहून गेलेले नव्हतेच. कुणीतरी एक दिवा विकत घेतला, त्यावरूनच साचा काढला आणि दिव्याबरोबर नावही उमटत राहिले. आकार लहान होत गेला, अक्षरे पुसट झाली.

ग्रीसमधल्या तनाग्राच्या मूर्तींनी साच्याची आणखी एक युक्ती दाखवली. इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकातल्या, पदर लपेटलेल्या या बायकांची धडे मोजक्या साच्यांतली. डोकी मात्र वेगळ्या साच्यांत काढून मग बसवलेली, कुणाचे किंचित डावीकडे कललेले, कुणाचे खाली झुकलेले. हात, पंखा, टोपी यांची अदलाबदल. पाठीला वाफ निघून जायला एक भोक. एवढ्यावर कारखान्याचा माल दर वेळी नवा दिसे.

मग प्लास्टर आले. खरे तर ते जुनेच होते. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की, सिक्यॉनच्या लिसिस्ट्रॅटसने जिवंत माणसाच्या चेहऱ्यावरून प्लास्टरचा साचा पहिल्यांदा घेतला. हा लिसिस्ट्रॅटस म्हणजे अलेक्झांडरच्या मूर्तिकाराचा, लिसिपसचा भाऊ. पॅरिसचे नाव प्लास्टरला चिकटले ते तिथल्या मोंमार्त्र टेकडीतल्या जिप्समच्या खाणींमुळे. जिप्सम साधारण दीडशे अंश सेल्सियसपर्यंत तापवला की त्यातले तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि पांढरी भुकटी उरते. तिच्यात पुन्हा पाणी घातले की ती ते परत पिते, हाताला गरम लागते आणि काही मिनिटांत दगड होते. भाजण्याची भानगड नाही आणि आक्रसणेही नाही. वंशावळीच्या हिशेबात हा मोठा फरक पडला: वीस सेंटिमीटरच्या मूर्तीची लेक आता सोळाची न होता अठराची झाली. शिवाय प्लास्टर भाजलेल्या मातीपेक्षा जास्त पाणी शोषते, म्हणून माल लवकर सुटतो.

महाराष्ट्रात हे सगळे ज्याच्या रोजच्या व्यवहारात आहे, ते गाव म्हणजे पेण. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव पसरला तशी मूर्तींची मागणी वाढली, आणि पेण, पुढे हमरापूर, जोहे अशा गावांत घराघरांत कारखाने उभे राहिले. शाडूची मूर्ती करताना मळलेल्या मातीची पोळी प्लास्टरच्या दोन्ही अर्धुकांत अंगठ्याने दाबतात. सोंडेच्या वळणात आणि कानाच्या पाळीत माती पोचली की नाही हे अंगठ्यालाच कळते. मग अर्धुके जुळवायची, थोडे थांबायचे, साचा काढायचा. हात, सोंड, उंदीर वेगळे करून लावायचे. सांधा पाण्याच्या ब्रशने फिरवून नाहीसा करायचा. हे सगळे साच्याचे काम. डोळ्यांच्या आखणीला साचा नाही, ती सरावलेला हातच करतो.

प्लास्टरच्या साच्याची अडचण अशी की तो वाकत नाही. पोट आणि हात यांच्यामधली फट, सोंडेचा आत वळलेला भाग, अशा जागी माती साच्यात अडकते. ओढली तर तुटते. म्हणून एक तर साचा अनेक तुकड्यांचा करावा लागतो किंवा तो भाग वेगळा करावा लागतो. रबरी साच्याने ही अडचण सोडवली. मूळ मूर्तीवर रबराच्या चिकाचे थरावर थर द्यायचे, वाळू द्यायचे, बाहेरून आधाराला प्लास्टरचे कवच करायचे. आत कितीही वळणे असू देत, रबर सोलून निघते. पण रबर पाणी पीत नाही. शाडू त्यात लवकर घट्ट होत नाही. ओतलेले प्लास्टर मात्र आपोआप घट्ट होते. म्हणून रबरी साच्याला प्लास्टरची मूर्ती अधिक मानवली आणि हलक्या, नक्षीदार, झटपट निघणाऱ्या मूर्तींनी बाजार भरला. ते प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, याची किंमत विहिरी, तलाव आणि समुद्र मोजत आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली, त्यानंतर न्यायालयांतही हा प्रश्न गेला. कारागिराच्या पोटाचा सवाल खरा आहे. तरी माझे मत स्पष्ट आहे: प्लास्टर साच्यात असावे, विसर्जनाच्या मूर्तीत नाही.

आता घरच्या टेबलावर जो साचा होतो, तो या वंशातला सर्वांत धाकटा. ‘सिलिकोन’ हे नाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये फ्रेडरिक किपिंग यांनी दिले. १९४० मध्ये अमेरिकेत युजीन रोचो यांनी ते मोठ्या प्रमाणावर बनवण्याची वाट शोधली. खोलीच्या तापमानाला घट्ट होणारे सिलिकोन त्यानंतरचे. हस्तकलेच्या दुकानात ते कणकेसारख्या दोन गोळ्यांत मिळते. दोन्ही सारख्या मापाने घ्यायचे, रंग एक होईपर्यंत मळायचे आणि पितळी बटण, शिंपला किंवा आजीच्या कुड्या, जे काही हवे त्यावर दाबायचे. काही मिनिटांत साचा तयार. एक सावधगिरी मात्र हवी: यांतल्या पुष्कळ सिलिकोनांना गंधक चालत नाही. लॅटेक्सचे हातमोजे घालून मळले किंवा गंधक असलेल्या मॉडेलिंगच्या मातीवर दाबले, तर पृष्ठभाग चिकटच राहतो, कितीही वेळ ठेवा. हातमोजे नायट्राइलचे घ्यावेत.

या साच्यात काय भरायचे, त्यावर निकाल अवलंबून आहे. टेराकोटाच्या कानातल्यांसाठी खरी माती भरायची तर लक्षात ठेवावे की सिलिकोनही पाणी पीत नाही. माती जरा कोरडी, घट्ट घ्यावी, साच्याला आतून कॉर्नफ्लोरचा पुसट हात द्यावा आणि साच्यासकट थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवावी. ताठ झाली की आकार न बिघडता सुटते. कॉर्नफ्लोर आणि फेविकॉल शिजवून-मळून केलेली माती भट्टीशिवाय वाळते आणि हळदीकुंकवाच्या वाणासाठी छान चुंबके, फुले होतात. पण तिच्यातूनही पाणी जाते, म्हणून तीही आक्रसते. जाड नग वाळताना मागून खोलगट होतो किंवा चिरतो. तेव्हा पातळ भरावे, आणि जाड हवाच असेल तर आतून पोकळ ठेवावा, तेरच्या कारागिराने ठेवला तसा.

पॉलिमर क्ले हा वेगळाच पदार्थ. नाव मातीचे असले तरी ते पीव्हीसीचे प्लास्टिक आहे. जर्मनीतल्या बाहुल्या बनवणाऱ्या कॅथे क्रूझे यांच्या मुलीने असा एक पदार्थ विकसित केला, १९६४ मध्ये तो एका कंपनीने घेतला आणि ‘फिमो’ नावाने जगभर गेला. घरच्या ओव्हनमध्ये वेष्टनावर लिहिलेल्या तापमानाला, साधारण ११० ते १३० अंशांना तो पक्का होतो. जास्त तापला तर करपतो आणि घातक धूर निघतो. त्यात पाणीच नसल्यामुळे तो जवळजवळ आक्रसत नाही. सिलिकोनही आक्रसत नाही. कुडीवरून साचा घ्या, साच्यातून कुडी काढा, तिच्यावरून पुन्हा साचा घ्या. मोजपट्टी लावली तरी आजी, लेक आणि नात यांच्यात फरक सापडणे कठीण. निकल्स यांची पद्धत इथे चालणार नाही.

झीज मात्र या साच्यालाही आहे. सिलिकोनच्या पातळ कडा फाटतात, आणि बारीक नक्षीच्या खाचांत आधीच्या नगांचे कण बसत जातात. म्हणून साचा कोमट साबणपाण्याने धुवावा, वाळवून सपाट ठेवावा, घडी घालून डब्यात कोंबू नये. आणि ज्यावरून साचा घेतला ते बटण किंवा ती कुडी वेगळ्या डबीत, तारीख लिहून ठेवावी. पुढचा साचा तिच्यावरूनच घ्यायचा आहे.