पद्मिनी टॅक्सी गेली, आता घरातल्या पद्मिनीचे पार्ट आणि बॅटरी आणायची कुठून?

मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत रजिस्टर झाली होती. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा आहे. त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. त्या दिवशी सगळ्यांच्या फीडवर पद्मिनीचे फोटो आणि आठवणी होत्या.

पण याचा खरा फटका कोणाला बसला? तर ज्यांच्या घरी आजोबांची किंवा वडिलांची पद्मिनी अजून कव्हरखाली उभी आहे, त्यांना.

कसा, तर हजारो टॅक्सी रोज पळत होत्या तेव्हा क्लचप्लेट, ब्रेकशू, सायलेन्सर रोज खपत होते. खप होता म्हणून छोटे कारखाने माल बनवत होते आणि दुकानदार तो ठेवत होते. शिवाय जी टॅक्सी निवृत्त व्हायची तिचे दरवाजे, गिअरबॉक्स, काचा भंगार बाजारात यायच्या. म्हणजे टॅक्सी हीच गिऱ्हाईक होती आणि टॅक्सीच पुरवठादार. आता दोन्ही बाजू एकदमच थांबल्या. त्यामुळे जुनी गाडी चालू ठेवायची तर कुठला पार्ट शोधायचा, कुठला बनवून घ्यायचा आणि कुठला जुना अजिबात घ्यायचा नाही, हे आधी ठरवावं लागतं.

आधी गाडी नेमकी कुठली ते ओळखा

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्यावर गाड्या बनू लागल्या. फियाट 1100 चंच नाव पुढे बदलत बदलत 1974 च्या सुमारास प्रीमियर पद्मिनी झालं. इंजिन 1089 सीसीचं. कागदावर पद्मिनी असली तरी लोक तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले.

गोंधळ इथेच होतो. दुकानात जाऊन ‘फियाटचा वॉटर पंप द्या’ म्हटलं की दुकानदार विचारणार, कुठल्या सालची? मधल्या काळात बरेच बारीकसारीक पार्ट बदलले आहेत. म्हणून तीन गोष्टी सोबत हव्यात : आरसीवरचं साल, चासी आणि इंजिन नंबर आणि शक्य असेल तर काढलेला जुना पार्ट. फोटोपेक्षा हातातला पार्ट कधीही बरा, कारण बोल्टच्या भोकांमधलं अंतर फोटोत कळत नाही. गाडीचं मूळ पार्ट कॅटलॉग मिळालं तर काम निम्मं झालं, कारण त्यात प्रत्येक पार्टचा नंबर असतो.

बाजार कुठले?

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोर बाजार आणि ऑपेरा हाऊसचा परिसर. म्हणजे जी गाडी कुर्ल्यात बनली, तिचे पार्ट शोधायलाही कुर्ल्यातच जावं लागतं. पुण्यात नाना पेठ. राज्याबाहेर दिल्लीचं काश्मिरी गेट आणि मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट आणि कोलकात्याचा मलिक बाजार ही या धंद्यातली मोठी नावं.

बाजारात माल तीन प्रकारचा मिळतो. पहिला, गाडीवरून काढलेला जुना माल. दुसरा, कंपनीच्या काळातला पण कधीच न वापरलेला जुना साठा, म्हणजे खोक्यातला माल. तिसरा, नंतर कोणीतरी बनवलेला नवा माल.

कुठला पार्ट जुना चालतो, कुठला नाही?

काचा, दिवे, हँडल, बंपर, दरवाजे, बॉनेट, डॅशबोर्ड हे गाडीवरून काढलेलं घ्यायला हरकत नाही. पत्र्याला आतून गंज आहे का, एवढं बघायचं.

पिस्टन, बेअरिंग, गिअर असे धातूचे पार्ट खोक्यातले मिळाले तर उत्तम. फक्त गंज नको आणि साइझ तपासायचा. इंजिन आधी बोअर केलेलं असेल तर मूळ साइझचा पिस्टन बसणार नाही, ओव्हरसाइझच लागेल.

रबराची गोष्ट मात्र वेगळी. ब्रेकचे रबर, होजपाइप, ऑइल सील हे पॅकबंद खोक्यातही वर्षं गेली की कडक होतात. 30 वर्षांपूर्वीचं सीलबंद ब्रेक किट ‘ओरिजिनल’ असेलही, पण ते ब्रेकमध्ये टाकणं म्हणजे जिवाशी खेळ. रबर नवीनच घ्यायचं. टायरचंही तेच. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. 1523 म्हणजे 2023 चा 15 वा आठवडा.

आणि जे कुठेच मिळत नाही? ते बनवून घ्यायचं. बुश, पिन, स्पेसर लेथवर बनतात. गॅस्केट शीटमधून कापून मिळतं. रेडिएटरचा कोअर नवा बसवता येतो. जुना क्लच आणि ब्रेकशू यांना नवीन लायनिंग लावून देणारे कारागीर आजही आहेत. म्हणून तुटलेला पार्ट फेकू नका, लेथवाल्याला माप घ्यायला तोच लागतो.

स्वस्तात मिळतंय, पण चोरीचं नाही ना?

मेरठचा सोतीगंज बाजार एकेकाळी गाड्यांच्या पार्टसाठी देशभर प्रसिद्ध होता. चोरीच्या गाड्या तिथे सुट्या होतात या आरोपांवरून झालेल्या कारवाईनंतर डिसेंबर 2021 मध्ये तो बंद पडला. चोरीचा माल आहे हे माहीत असताना घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे.

बंपर घेताना हा प्रश्न फारसा येत नाही, इंजिन घेताना येतो. इंजिनवर नंबर असतो आणि तो आरसीवरही असतो. दुसरं इंजिन बसवायचं तर आधी आरटीओची परवानगी आणि नंतर आरसीवर नोंद लागते. ज्या इंजिनाचं बिल आणि मूळ गाडीचे कागद विकणारा देत नाही, ते कितीही स्वस्त असलं तरी महागच पडतं.

बॅटरी : सोपी वाटते, पण इथेच चुका होतात

पद्मिनीवाल्यांचं नशीब एवढं चांगलं की तिला 12 व्होल्टची बॅटरी लागते, ती कुठेही मिळते. पण त्याहून जुन्या अनेक गाड्या 6 व्होल्टच्या आहेत. 1928 ते 1931 मधली फोर्ड मॉडेल ए आणि 1967 पूर्वीच्या बऱ्याच फोक्सवॅगन बीटल ही त्याची उदाहरणं.

दुकानात 6 व्होल्ट मागितली की बऱ्याचदा इमर्जन्सी लाइटची छोटी बॅटरी पुढे येते. तिच्यावर गाडीचा स्टार्टर फिरणार नाही. व्होल्टइतकंच अँपिअर-अवर आणि स्टार्टिंगची ताकद बघावी लागते. शिवाय 6 व्होल्टमध्ये तेवढ्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो, म्हणून केबल जाड हवी. अशी गाडी सुरू होत नसेल तर कधी कधी बॅटरी ठीक असते आणि दोष कोणीतरी बसवलेल्या बारीक केबलचा असतो.

बॅटरी घेण्याआधी हे तपासा :

- अर्थ कुठला? आज सगळीकडे निगेटिव्ह टर्मिनल बॉडीला जोडतात. पण मॉरिस मायनरसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह जोडलेलं असतं. उलटं जोडलं तर वायरिंग आणि रेडिओ जाऊ शकतो. जुनी बॅटरी काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.
- उंची किती? बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली असते. उंच बॅटरी बसवली आणि टर्मिनलवर झाकण नसलं तर सीटची स्प्रिंग टेकून आग लागू शकते.
- टर्मिनल कुठल्या बाजूला? उलट्या बाजूला असले तर केबल पुरत नाही.
- कधी बनली? दुकानात पडून असलेली बॅटरी आपोआप उतरते. उत्पादनाची तारीख ताजी हवी.
- प्रकार कुठला? डायनामो आणि जुना कटआउट असलेल्या गाडीला साधी लेड-ॲसिड बॅटरीच बरी. लिथियमला लागणारं नेमकं चार्जिंग तो कटआउट देत नाही.

बॅटरी परदेशातून मागवायच्या भानगडीत पडू नका. ॲसिडची बॅटरी विमानाच्या मालवाहतुकीत धोकादायक वस्तू मानली जाते. आणि जुनी बॅटरी विक्रेत्यालाच परत द्या. त्यात शिसं आणि ॲसिड असतं, ती कचऱ्यात टाकायची नसते.

‘आठवड्यातून दोन मिनिटं गाडी सुरू करा, बॅटरी टिकते’ हा सल्ला घरोघरी मिळतो. पण स्टार्टर जेवढा चार्ज खातो तेवढा डायनामो उभ्या गाडीत भरून देत नाही, त्यामुळे बॅटरी उलट उतरत जाते. त्यापेक्षा गाडी अर्धा तास फिरवून आणा किंवा अर्थची केबल काढून ठेवा. 12 व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी मीटरवर साधारण 12.6 दाखवते. 12.4 च्या खाली आली की चार्जिंगला लावा.

आणि ‘व्हिंटेज’ नंबरचं काय?

केंद्राच्या जुलै 2021 च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या दुचाकी किंवा चारचाकीला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळू शकतो. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. म्हणजे सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत.

पण दोन अटी नीट वाचा. एक, अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामांसाठी ती रस्त्यावर काढता येते. दोन, चासी, बॉडी आणि इंजिन यात मोठा बदल केलेला नसावा. आज सोय म्हणून दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं तर उद्या हा नंबर हातचा जाऊ शकतो.

त्यामुळे मूळ इंजिन थकलं असलं तरी ते भंगारात घालायची घाई करू नका. बोअरिंग, स्लीव्ह, नवीन पिस्टन, हे सगळं त्याच इंजिनावर करता येतं. आणि पॉइंट, कंडेन्सर, वॉटर पंप यांसारखे छोटे पार्ट बाजारात दिसले तर एक जास्तीचा घेऊन ठेवा. पुढच्या वेळी ते दुकानात मिळतीलच, असं आता धरून चालता येत नाही.