नळदुर्गचा पाणीमहाल: धरणाच्या पोटातील वास्तू

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेले धरण हे मध्ययुगीन दख्खनमधील जलव्यवस्थापनाचे उल्लेखनीय उदाहरण आहे. तुळजापूर तालुक्यातील हा किल्ला सोलापूर-हैदराबाद महामार्गालगत, सोलापूरपासून सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर असून तो राज्य संरक्षित स्मारक आहे.

विजापूरचा सुलतान इब्राहिम आदिलशहा दुसरा (कारकीर्द १५८० ते १६२७) याच्या काळात, इ.स. १६१३ मध्ये, हे धरण बांधण्यात आले. स्थापत्यकार म्हणून मीर इमादीन याचे नाव घेतले जाते. नळदुर्ग आणि शेजारचा रणमंडळ किल्ला यांना जोडणाऱ्या या काळ्या पाषाणातील भिंतीमुळे एकाच बांधकामातून तीन हेतू साध्य झाले. किल्ल्याला पाण्याचा साठा मिळाला, तटाला पाण्याचे संरक्षण लाभले आणि दोन किल्ल्यांमधील वाट तयार झाली.

धरणाच्या भिंतीतच पाणीमहाल ही वास्तू आहे. पायऱ्या उतरून तेथे जाता येते. जलाशय भरल्यानंतर जादा पाणी ‘नर’ आणि ‘मादी’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन सांडव्यांवरून खाली कोसळते. त्या वेळीही आतील दालन कोरडे राहते आणि त्याच्या गवाक्षांतून हे धबधबे पाहता येतात. पुराच्या पाण्याला ठरावीक वाट करून दिल्यामुळे भिंत सुरक्षित राहते. महालाचे सौंदर्य याच व्यवस्थेवर आधारलेले आहे.

याच सुमारास निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे, नहर-ए-अंबरी ही योजना उभारली. तेथे भूगर्भातील पाणी भुयारी नळांद्वारे शहरात आणण्यात आले, तर नळदुर्ग येथे वाहती नदी अडवण्यात आली. कमी पावसाच्या प्रदेशातील राज्यकर्त्यांनी एकाच प्रश्नावर शोधलेली ही दोन भिन्न उत्तरे होत.

आज नदीच्या वरच्या बाजूस आधुनिक बोरी धरण आहे. ते भरून वाहू लागल्यानंतरच नर-मादी धबधबे प्रवाहित होतात. अवर्षणाच्या वर्षी पर्यटकांना केवळ कोरडी भिंत पाहावी लागते. स्मारकाला कायदेशीर संरक्षण आहे. नदीचा प्रवाह मात्र सिंचन आणि पिण्याच्या पाण्याच्या नियोजनानुसार ठरतो. त्यामुळे पाणीमहालाचे जतन हा पुरातत्त्वाइतकाच बोरी खोऱ्यातील पाणीवाटपाचाही विषय आहे.